भोपळ्यात बसलेले व्याकरण

ठाण्याहून ऐरोलीकडे जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशांना दिघा वर्षानुवर्षे फक्त खिडकीतून दिसत असे. जानेवारी 2024 मध्ये ‘दिघा गाव’ स्थानक सुरू झाले आणि या वस्तीत थेट उतरता येऊ लागले. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठचे कांदळवन, मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. या पट्ट्यातली मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. रोजगारासाठी पुढे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसे आली, उत्तर प्रदेश, बिहार आणि कर्नाटकातूनही आली, आणि डोंगराच्या उतारावर घरे चढत गेली. त्यामुळे दिघ्यात पहिलीच्या वर्गात एका सतरंजीवर बसणाऱ्या मुलांची घरची बोली एकच असेल असे सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकातली मराठी कुणाला घरातल्यासारखी वाटते, कुणाला लांबच्या नात्यातल्या बाईसारखी, तर कुणाला पूर्ण परकी.

पुढच्या पानांत ज्या विषयाची ओळख करून दिली आहे, तो अशा वर्गासाठी फार मोलाचा आहे. प्राण्यांची एखादी लोककथा घ्यायची आणि तिच्या आधाराने वाचन, शब्द आणि व्याकरण शिकवायचे, असा हा विषय. नाव ऐकून तो लहान वाटेल. बालवाडीच्या ताईंचे काम, असे म्हणून कुणी पान उलटूनही टाकेल. वाचकांनी तसे करू नये, थोडा वेळ इथे बसावे, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो. भाषा शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालते याचा विचार करायला याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

ही वाट नवी नाही, हे आधी सांगायला हवे. पंचतंत्राची चौकटच शिकवणीची आहे. राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा विष्णुशर्मा उचलतो आणि त्यासाठी हाताशी धरतो ते सिंह, बैल, कोल्हे आणि कावळे. मराठीत तर ही परंपरा घरची आहे. कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि चिमणीच्या मेणाच्या घराची जी गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो, तिचे जुने रूप तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त सापडते, चक्रधरस्वामींच्या तोंडी ती आलेली आहे. म्हणजे मराठी गद्य लिहिले जाऊ लागले, त्याच काळात ही गोष्टही त्यात येऊन बसली.

छपाईचा इतिहासही हेच सांगतो. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले. ते इसापच्या गोष्टींचे मराठी रूप होते. मुंबईत 1828 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आली. ज्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटले गेले त्या दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले 1836 मध्ये. विल्यम केरीचे मराठी व्याकरण त्याआधी, 1805 मध्ये निघाले होते. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी होते. मराठी मुलाच्या हातात छापील कोल्हा आधी पडला, छापील विभक्ती नंतर. हा क्रम योगायोगाने पडला असेल. तरीही मला तो योग्य वाटतो आणि वर्गातही तोच ठेवावा असे माझे मत आहे.

शाळेत मात्र क्रम उलटा झाला. अ अननसाचा, ई ईडलिंबूचा, मग बाराखडी, मग बिनकान्याचे शब्द, मग कान्याचे शब्द, मग जोडाक्षरे, आणि हे सगळे पार पडल्यावर एखादी गोष्ट. ज्या घरात पुस्तके आहेत तिथल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही; गोष्ट त्याला घरी मिळालेली असते. ज्या मुलाला लिहिलेली गोष्ट फक्त शाळेतच भेटणार, त्याला मात्र दोन-दोन वर्षे दारातच ताटकळत राहावे लागते. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठीसाठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडसाठी काही वर्षांपूर्वी प्रारंभिक साक्षरतेचा एक दीर्घ अभ्यास झाला. तीन वर्षे अक्षरांवर भर देऊनही अनेक मुले तिसरीच्या शेवटी अर्थ समजून वाचू शकत नव्हती, असे त्यात दिसले. अक्षरे नकोत असा याचा अर्थ मुळीच नाही. अक्षरे नीट, क्रमाने आणि रोज शिकवावीच लागतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून, त्या गटातूनच अर्थ असलेले शब्द आणि वाक्ये घडवत शिकवण्याचा जो मार्ग घालून दिला, तो या बाबतीत प्रत्येकाने पाहावा. पण अक्षरे शिकत असतानाच्या काळातही मुलाला पोटभर गोष्ट मिळायला हवी, आणि या दोन गोष्टी एकमेकींना हात देऊ शकतात. या क्षेत्रात शिरणाऱ्याने एवढे मनाशी पक्के करावे.

आता उदाहरण घेऊ. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. रानात वाघ अडवतो, कोल्हा अडवतो. म्हातारी म्हणते, आत्ता माझ्या अंगावर मांस कुठे आहे, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, परत येईन, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसून येते आणि भोपळा टुणूक टुणूक चालतो. दिघ्यातल्या वर्गासाठी पहिली गोष्ट निवडायची झाली तर मी डोळे मिटून हीच निवडेन, आणि त्याचे पहिले कारण असे, की ती एकट्या मराठीची नाही. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिचा कथाप्रकार 122 एफ या क्रमांकाने नोंदलेला आहे. बंगालीत उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांच्या 1910 मधल्या ‘टुनटुनिर बई’त कुबडी म्हातारी दुध्याच्या खोळीतून येते आणि तिचे कुत्रे तिला वाचवतात. फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांच्या 1894 मधल्या पंजाबी कथासंग्रहात म्हातारीच्या जागी कोकरू आहे, भोपळ्याच्या जागी ढोलके आहे, आणि शेवटी कोल्हा त्याला ओळखून खाऊन टाकतो. इराणमध्येही म्हातारी भोपळ्यातच बसते. तेव्हा ‘अशी गोष्ट तुमच्याकडे कोण सांगते?’ असे वर्गात विचारून पाहा. एखादे मूल आजीची वेगळीच गोष्ट घेऊन उभे राहील. आतापर्यंत ज्याला मराठी येत नाही असे समजले जात होते, ते मूल त्या दिवशी वर्गाला काहीतरी देणारे ठरते.

दुसरे कारण व्याकरणाचे, आणि इथे मला जरा रेंगाळायचे आहे. म्हातारीच्या उत्तरातली क्रियापदे पाहा: जाईन, खाईन, होईन, येईन. सगळी भविष्यकाळाची, सगळी प्रथमपुरुषी. क्रियापदे शिकवायची म्हटली की आपण सवयीने वर्तमानकाळापासून सुरुवात करतो. पण मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा भेद वर्तमानकाळात आहे, ‘गेलो’ आणि ‘गेले’ असा भूतकाळात आहे. भविष्यकाळात तो नाही. मुलगा असो, मुलगी असो, म्हातारी असो, ‘मी जाईन’. हिंदी घरातून आलेल्या मुलाला ‘जाऊँगा-जाऊँगी’ची सवय असते, त्याला मराठीने इथे चक्क सवलत दिली आहे. मग सोप्या दारातून आत का नेऊ नये? गोष्टीतले हे उत्तर मुले पाच-सहा वेळा ऐकतात, आठव्या वेळी आपल्याआधी म्हणतात. त्यानंतर ‘तू कुठे जाशील? काय खाशील?’ असे विचारा. ‘वाघ काय खाईल?’ असे विचारा. तिन्ही पुरुष तुमच्या फळ्यावर येतील आणि ‘पुरुष’ हा पारिभाषिक शब्द उच्चारावाही लागणार नाही. तो तिसरी-चौथीत सांगा. तोवर मुलाकडे त्या शब्दाखाली ठेवायला भरपूर माल जमलेला असेल.

लिंगाचेही तसेच. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. ‘ते’ हे लिंग हिंदीभाषक मुलाला कुठूनच सापडत नाही. कितीही घोकून घेतले तरी ‘ते घर’ऐवजी ‘तो घर’ येत राहते. गोष्टीत भोपळा ‘तो’ आहे, म्हातारी ‘ती’ आहे, रान ‘ते’ आहे. आपल्या वर्गापुरते रानात एक अस्वल आणून सोडा. ते अस्वल आले, ते गुरगुरले, ते म्हणाले. वाघ आला, अस्वल आले, म्हातारी आली. तीन पात्रांच्या तीन येण्यांत लिंगाचा सगळा संसार आहे. नियम पाठ केलेले मूल जिथे अडखळते, तिथे अस्वलाचा आवाज काढून गोष्ट सांगणारे मूल अडखळत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मग म्हातारी लेकीकडे पोहोचते आणि जेवायला बसते. तिने भात खाल्ला, तिने रोटी खाल्ली, तिने तूप खाल्ले. खाणारी एकच, पण क्रियापद ताटातल्या पदार्थाप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग. भोजपुरी किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात हा ‘ने’ नसतो. त्या मुलाला ‘म्हातारी भात खाल्ली’ असे म्हणावेसे वाटते, आणि त्याच्या घरच्या भाषेच्या हिशेबाने ते बरोबरच असते. शिक्षकाने हे जाणून असावे. चुकीमागचा हिशेब कळला की ती दुरुस्त करतानाचा आवाज आपोआप मऊ होतो. ताटात दहा पदार्थ वाढा आणि म्हातारीला ते एकेक खाऊ द्या. वर्ग हसत हसत दहा वाक्ये बोलतो.

सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे बदललेले रूप, हा तर मराठी शिकणाऱ्यांचा जुना धाक. भोपळा म्हणायचे, पण ‘भोपळात’ का नाही म्हणायचे? गोष्टीत याचे उत्तर कानाशी तयार असते, कारण म्हातारी भोपळ्याला हाक मारते. हाकेतला ‘भोपळ्या’ आणि ‘भोपळ्यात’मधला ‘भोपळ्या’ एकच. कोल्ह्या, कोल्ह्याला, वाघा, वाघाने. आधी हाक मारा, मग प्रत्यय लावा, ही युक्ती मोठ्या माणसांनाही उपयोगी पडते. म्हातारीचे मात्र वेगळे. हाक ‘म्हातारे’ आणि प्रत्यय लागतो तो ‘म्हातारी’ला. हा अपवाद लपवू नका. मुलांना अपवाद आवडतात, आणि तो त्यांनीच शोधून काढला तर अधिक आवडतात. लेखनाचे नियमही इथेच भेटतात. तूप दीर्घ, तुपात ऱ्हस्व. ‘टुणूक’मधला पहिला उकार ऱ्हस्व आणि शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये ठरवलेल्या आणि 1972 मध्ये भर घातलेल्या अठरा नियमांतले हे नियम ‘टुणूक’ आणि ‘तूप’ या दोन शब्दांवर मुलाला दाखवता येतात.

काही शिक्षकांना शंका येते, की या गोष्टीत जोडाक्षरे फार. म्हातारी, कोल्हा, लठ्ठ, भोपळ्यात. पहिलीचे मूल हे वाचणार कसे? शंका प्रामाणिक आहे. उत्तर असे, की ‘म्हातारी’ हा शब्द आधी कानावर येतो, तोंडी बसतो आणि मग डोळ्यांसमोर येतो. मोठ्या कागदावर गोष्ट ठळक लिहावी, शब्दांखालून बोट फिरवत ती वर्गासह रोज वाचावी. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल ‘म्हातारी’ हा शब्द चित्रासारखा ओळखू लागते; मग त्यातला ‘ता’ आणि ‘री’ सुटा करून दाखवता येतो, आणि ‘म्ह’ही फारसा भीतिदायक राहत नाही. हिंदीभाषक घरातून आलेल्या मुलाला ‘ळ’ नवा असतो. त्यासाठी भोपळ्याइतका चांगला शब्द शोधून मिळणार नाही. ‘जाईन’मधला मराठी ‘ज’ही असाच कानाने घ्यायचा आहे, कारण लिपी तो वेगळा दाखवत नाही.

ज्यांना याहून सोपी सुरुवात हवी, त्यांनी कावळा-चिमणीकडे जावे. शेण आणि मेण. एक अक्षर बदलले की घर बदलते, आणि पावसात कुणाचे टिकणार तेही बदलते. अक्षराला किंमत असते हे मुलाला पटवून देणारी याहून छोटी जोडी मला माहीत नाही. कावळ्याचे घर, चिमणीचे घर, चिमणीची पिल्ले, कावळ्याचा आवाज. चा-ची-चेचा सगळा पाठ त्या दोन घरांत आहे.

शब्दसंपत्तीविषयी थोडे. गोष्टीतला शब्द बदलून ‘सोपा’ करण्याचा मोह आवरावा. म्हातारी तूपरोटी खाते. मुंबईच्या पट्ट्यात चपाती म्हणतात, पुण्याकडे पोळी, आगरी घरात तांदळाची भाकरी असते आणि उत्तरेकडच्या घरात रोटी. एका शब्दावरून वर्गातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत फिरून येता येते. ‘टुणूक टुणूक’ चालत राहण्याचे आणि ‘टुणकन’ एकदाच उडण्याचे. पटकन, धपकन, गपकन हे त्याच घरातले. मुलांना सांगा, आणखी शोधा, आणि मग यादी तुम्हाला आवरणार नाही. कोल्ह्याचीही एक गंमत आहे. इंग्रजी पुस्तकातल्या ‘फॉक्स’ला आपण सरसकट कोल्हा म्हणतो. मराठीत त्या प्राण्याच्या जवळचे नाव खोकड. कोल्हा तो वेगळा. आणि तो काही फक्त गोष्टीतला नाही. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे आजही राहतात. दिघ्यातल्या मुलाला हे सांगून पाहा. गोष्टीतले रान त्याच्या खिडकीबाहेर येऊन उभे राहील.

एक गोष्ट मात्र टाळावी, ती म्हणजे तात्पर्य. इसापच्या भाषांतरांबरोबर ते आपल्या शाळेत शिरले आणि ठाण मांडून बसले. लोककथेला त्याची गरज नाही. भोपळ्यातली म्हातारी तर वाघाला सरळसरळ फसवते, आणि दुबळ्याने बळवंताला फसवले म्हणून मुले आनंदाने टाळ्या पिटतात. त्या आनंदावर ‘यावरून काय बोध घ्याल?’ असे पाणी ओतू नका. त्याऐवजी विचारा, ‘तू कोल्हा असतास तर काय केले असतेस?’ यात संकेतार्थ आहे. विचार करायलाही जागा आहे.

या वाटेने आधी गेलेल्या माणसांची ओळख नव्या वाचकाला असायला हवी. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर, अंगणात, गुरे चरतात त्या कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला तिथूनच मिळाला. हे सारे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे दिघ्याला शेजारचेच. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून मुलांच्या गोष्टी नाट्यरूपाने आदिवासी भागातल्या शाळांपर्यंत नेते. ते पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. गोष्टींचा साठा हवा असेल तर सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली निघालेले राज्य लोकसाहित्य समितीचे खंड ग्रंथालयात मागावेत. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे. त्यामुळे मराठी घरची नाही अशा मुलांना ती शिकवण्याचा प्रश्न आता एका दिघ्याचा राहिलेला नाही.

पुढची पाने कोणत्या क्रमाने वाचावीत, असे कुणी विचारील. माझी सूचना अशी, की ती आधी वाचूच नयेत. तुमच्या घरातली, चाळीतली किंवा शाळेच्या फाटकाशी नातवाची वाट पाहत उभी असलेली एखादी म्हातारी गाठा. तिला भोपळ्याची, नाहीतर तिच्या गावाकडची कुठलीही प्राण्यांची गोष्ट सांगायला सांगा, आणि तिच्या तोंडचे शब्द न बदलता वहीत उतरवून घ्या. ती वही शेजारी ठेवून मग हे पान उलटा.